मित्रास पत्र: रेघ कुठे ओढायची?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. कमी तेल पिणाऱ्या गाडीला सवलत, जास्त पिणारीला कर, झालं काम, असं तू एका ओळीत मिटवून टाकलंस! मलाही ते पटतं रे, पण रेघ ओढायला बसलं की गोची होते.

अमेरिकेने १९७८ साली अशा खादाड गाड्यांवर कर बसवला, पण फक्त कारवर. एसयूव्ही आणि पिकअप कायद्याच्या लेखी ट्रक, म्हणून त्या सुटल्या. म्हणजे ज्यांना पकडायचं त्यांनाच दार उघडं. फ्रान्सने २००८ मध्ये एकाकडून दंड घेऊन दुसऱ्याला बक्षीस द्यायची पद्धत आणली. लोक लहान गाड्यांवर असे तुटून पडले की दंडापेक्षा बक्षीसच जास्त वाटावं लागलं आणि पहिल्याच वर्षी तिजोरीला खड्डा पडला. त्यात मोजमाप कार्बन डायऑक्साइडचं आणि डिझेल गाडी तो कमी सोडते, त्यामुळे डिझेलचं फावलं. डिझेलच्या धुरातले घातक नायट्रोजन ऑक्साइड त्या हिशेबात आलेच नाहीत.

२००९ मध्ये अमेरिकेत जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला साडेतीन किंवा साडेचार हजार डॉलर मिळत. जुनी पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून इंजिनातलं ऑइल काढून त्यात सोडियम सिलिकेटचं, म्हणजे तापल्यावर काचेसारखं घट्ट होणारं, द्रावण ओतायचे आणि इंजिन चालू ठेवायचे. काही मिनिटांत ते जागच्या जागी जाम! चालतं इंजिन असं मारायचं, हे माझ्या काही पचनी पडत नाही.

आता कागद घे. दहा हजार किलोमीटर धर. लिटरला ८ देणारी गाडी सोडून १० देणारी घेतली, तर १२५० लिटरचे १००० होतात, वाचले २५०. वीसवरून २५ वर गेलास तर ५०० चे ४००, वाचले फक्त १००. आणि आपण टाळ्या वाजवतो पंचविसाला!

मला विचारशील तर तेलावरचा करच त्यातल्या त्यात सरळ. जो जितकं जाळेल तितकं भरेल. मात्र ज्याला गाडीवाचून गत्यंतर नाही त्याला तो झोंबतो, आणि यावर तू भांडणार हे ठाऊक आहे.

तुझी जुनी गाडी खरंच किती देते ते आधी कळव. टाकी फुल्ल कर, पुन्हा फुल्ल करेपर्यंतचे किलोमीटर लिहून ठेव आणि दुसऱ्यांदा जितके लिटर बसले त्यांनी भाग. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नकोस, तो जरा खुशमस्कऱ्या असतो.

तुझाच,
जुना सोबती