वय वाढवण्याआधी कंत्राटी पोरांची वर्षं मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्तीचं वय वाढवा, असं सांगणारा लेख गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचला. जन्मदर घटतोय, म्हातारी माणसं वाढतायत, कमावणारे हात कमी पडणार, तेव्हा लोकांनी आणखी काही वर्षं काम करावं, असा त्याचा सूर. हात कमी पडणार हे खरंच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ निघाला, लोकसंख्या आहे तेवढी राहायची तर २.१ लागतो. आमच्याच घरात बघा ना. आम्ही पाच भावंडं, आमची मिळून नऊ मुलं, आणि त्या नऊ जणांची आजवर सहा. चीनने तर जानेवारी २०२५ पासून वय टप्प्याटप्प्याने वाढवायला घेतलंय, कारखान्यातल्या बायकांचं ५० वरून ५५. पण काम करा म्हणणाऱ्याने काम देणार कोण, तेही लिहावं.

भोसरीत वायरिंग हार्नेसच्या एका कारखान्यात मी २१ वर्षं काढली. गाडीच्या डॅशबोर्डमागे तारांचा जो जुडगा असतो, तो आम्ही बायका उभ्याने बोर्डावर बांधायचो. पन्नाशी उलटल्यावर ट्यूबलाइटखाली लाल पट्ट्याची तार कुठली आणि तपकिरी पट्ट्याची कुठली, ते पटकन कळेना. एक तार चुकीच्या खाचेत गेली की अख्खा पीस रिजेक्ट. मला पॅकिंगला टाकलं. पंचावन्नाव्या वर्षी 'लाइन बंद करतोय' असं सांगून आम्हा जुन्या बायकांचा हिशेब केला. थोड्याच दिवसांत तीच लाइन कंत्राटी मुलींवर सुरू झाली, हे मला गेटवरच्या वॉचमनने सांगितलं.

ईपीएस-९५, म्हणजे पीएफला जोडलेली आम्हा कामगारांची पेन्शन योजना, तिची पेन्शन ५८ला. आधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कापतात, तेही कायमचे. म्हणून मी थांबले आणि तीन वर्षं साड्यांना फॉल लावले. साडीमागे शंभर रुपये, त्यातून फॉल आणि दोऱ्याचा खर्च वजा. उद्या ५८चे ६० केलेत तर माझ्यासारखी बाई तीनाऐवजी पाच वर्षं फॉल लावील, दुसरं काही होणार नाही.

आता पेन्शनचं. मला २,२३६ रुपये मिळतात. २०२०पासून त्यात एक रुपया वाढलेला नाही, कारण या पेन्शनीला महागाई भत्ताच नाही. हिशेब साधा आहे: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. यातला पगार म्हणजे हातात पडतो तो नव्हे, मूळ पगार आणि महागाई भत्ता. आणि मूळ पगार कमी दाखवून बाकीचं भत्त्यांत घालायचं, ही कारखानदारीतली जुनी कला. त्याला वरून मर्यादा. १९९५ साली ५,००० होती, २००१ला ६,५०० झाली, २०१४पासून १५,००० आहे. मालकाच्या वाट्यातून या पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. आज वीस-बावीस वर्षांच्या मुलाने याच मर्यादेवर ३५ वर्षं सलग नोकरी केली, तरी त्याची पेन्शन ७,५०० होईल. २०६०च्या आसपास! रुपीनगरात एका खोलीचं भाडं आजच त्यातला मोठा घास घेईल.

आणि सलग नोकरी आहे कुणाची? माझा भाचा चाकणला जातो. आयटीआय झाल्यावर आधी अप्रेंटिस. त्या काळात पीएफ नाही, कायद्यातच तसं आहे. मग एका कंत्राटदाराकडे, मग ब्रेक, मग दुसऱ्याकडे. मशीन तेच, कंपनीची बसही तीच, फक्त गळ्यातलं कार्ड बदलतं. प्रत्येक ब्रेकला हात तंग असतो, म्हणून त्याने आणि त्याच्या मित्रांनी फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेतले. दहा वर्षं भरायच्या आत पैसे काढले की मागची नोकरी पुसली जाते. तिशीच्या पुढे गेलाय आणि पेन्शनच्या खात्यावर त्याची दोन वर्षंही नाहीत. पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेता येतं, पुढच्या नोकरीत मागची वर्षं जोडून मिळतात, हे त्याला कुठल्याच कंत्राटदाराने सांगितलं नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने नोकरी सुटल्यावर हे पैसे काढण्याआधी थांबायची मुदत दोन महिन्यांवरून ३६ महिने करायचं ठरवलं, तेव्हा पोरं चिडली. मला तो निर्णय पटला, फक्त ब्रेकच्या महिन्यातलं घरभाडं त्यांनी कुठून द्यायचं हेही ठरवायला हवं होतं.

हा पेन्शन फंड सामाईक आहे. आजच्यांची वर्गणी त्यात पडते, त्यातूनच आमची पेन्शन निघते. म्हणून माझं म्हणणं असं, की तरुण हात अजून मुबलक आहेत तोवर ती वर्गणी नीट गोळा करा. १५,०००ची मर्यादा वाढवा आणि ती दर वर्षी महागाईबरोबर आपोआप सरकू द्या. अप्रेंटिसची वर्षं धरा. कंत्राटदार बदलला तरी मूळ कंपनीने नोकरी सलग दाखवावी. वयाचा विषय त्यानंतर काढा.

सरकारी नोकरांना एप्रिल २०२५पासूनच्या नव्या योजनेत दहा वर्षांच्या नोकरीवर किमान १०,००० मिळणार आहेत. मिळोत, मला त्यांचा हेवा नाही. पण आमची किमान पेन्शन २०१४पासून १,००० आहे. त्याच्या आदल्याच वर्षी राज्यसभेच्या समितीने ३,००० करा म्हटलं होतं. तिचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपले राज्यपाल झाले. त्यांच्या टोपीवर बातम्या झाल्या, त्या अहवालाची आठवण कुणी काढली नाही.

नाव छापू नये ही विनंती. भाच्याचं कंत्राट पुढच्या महिन्यात नव्याने व्हायचंय.

आपली,
एक निवृत्त कामगार, रुपीनगर, निगडी (पुणे)