मुक्ताच्या गोळ्यांबद्दल

प्रिय सुहास,

मुक्ताचा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) आणि डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. सकाळी उठल्या उठल्या हातांना झटके, हातातून कप पडणं, आणि जागरणानंतर आलेली मोठी फिट. ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयात सुरू होणारा झटक्यांचा अपस्मार, अशीच दिसते. शेजारच्या मुलाला कार्बामाझेपिन हे फिटचं औषध लागू पडलं म्हणून तेच मागू नकोस. मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिटवर ते चांगलं, पण या प्रकारात त्यानं झटके वाढू शकतात. फेनिटॉइन या दुसऱ्या औषधाचंही तेच.

व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध का दिलं नाही, असं विचारलंस. या झटक्यांवर ते सर्वांत भरवशाचं, हे खरं. पण गरोदरपणी चालू असेल तर साधारण दहातल्या एका बाळात व्यंग येतं, शिवाय बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो तो वेगळाच. सतरा वर्षांच्या मुलीला ते आधी न देणं मला पटतं. म्हणून लेव्हेटिरासेटाम: 250 मिग्रॅ सकाळ-रात्र, दोन आठवड्यांनी दोन्ही वेळा 500. सुरुवातीलाच मोठा डोस दिला की गुंगी आणि चक्कर येते, मग मुलं गोळीच टाळतात.

चिडचिड, रडू किंवा उदासी दिसली तर वहिनींना सांग, लगेच वयावर ढकलू नका. या औषधानं असं होतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पण गोळी मनानं थांबवू नका. अचानक तुटली तर एकामागून एक फिट येऊ शकतात. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा द्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडा, दोन्ही एकदम नकोत. उपासाच्या दिवशीही गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच. दिवाळीत दुकानं बंद असतात, तेव्हा एक पट्टी जास्तीची ठेव. कोजागरीचं आणि परीक्षेचं जागरण मात्र बंद. पुरेशी झोप नसेल तर गोळीही कमी पडते.

फिट आलीच तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, नाकाशी कांदा-चप्पल नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर मिडाझोलामचा (फिट थांबवणाऱ्या औषधाचा) नाकातला स्प्रे मारा आणि दवाखान्यात न्या. किती फवारे ते वजनावर ठरतं. डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घे आणि तो कागद बाटलीला बांधून ठेव.

लेव्हेटिरासेटामची रक्तातली पातळी सहसा तपासावी लागत नाही. पुढच्या भेटीला सकाळच्या झटक्यांचा व्हिडिओ मात्र घेऊन जा, डोस ठरवायला तोच जास्त कामाचा.

तुझा,
अविनाश