केमो संपते, बधिरपणा उरतो

महोदय,

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन अशा कर्करोगावरच्या केमोच्या औषधांनी हातापायांच्या नसांना इजा होते. ऑक्सॅलिप्लॅटिनचा त्रास तर उपचार थांबल्यावरही काही महिने वाढू शकतो; काहींचा वर्षानुवर्षे जात नाही. ब्लाऊजचे हूक लागत नाहीत, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही, पंगतीत वाटी हातून सुटते. मग लग्नकार्य, भिशी, देऊळ सगळेच बंद होते, आणि नातेवाईक म्हणतात, 'आता तर बरे झालात!' मुंग्या येत असतील तर केमोच्या पुढच्या फेरीआधीच (सायकल) डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो. ड्युलॉक्सेटिन या औषधाने वेदना काहींना कमी होते, बधिरपणा फारसा नाही. मागे पट्टा असलेली चप्पल वापरा. कार्य असलेल्या घरच्या यजमानांनीही खुर्ची द्यावी, तापल्या फरशीवर अनवाणी चालण्याचा आग्रह धरू नये. चटका बसल्याचे त्या पायांना समजतच नाही.

– एक वाचक