पन्नास आणि तीस मिळून सत्तर

सॅन अँटोनिओ, टेक्सास

ती. आबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आम्ही तिघं खुशाल आहोत. चिनूचा खोकला गेला. फोन रोज होतो, पण आबा "बरं आहे, दे आईकडे" म्हणतात आणि आईला चिनूच हवा असतो. म्हणून लिहायला बसले.

आधी आबांचा प्रश्न, जो त्यांनी मला न विचारता आईला विचारला. "पोरगी फौजींच्या पेन्शनीवर कमिशन खाणाऱ्या ऑफिसात तर नाही ना?" नाही आबा. आमचं ऑफिस वकिलाचं, निवृत्त सैनिकांचे अपंगत्वाच्या पेन्शनीचे दावे लढवणारं. अपंगत्वाच्या अर्जावर सरकारचा पहिला निकाल लागून गेल्याशिवाय इथे वकिलाला फी घेताच येत नाही. दावा जिंकला तर मागच्या थकबाकीतून साधारण २० टक्के. दरमहा येणाऱ्या रकमेला हात लागत नाही. तेही नको असेल तर डीएव्ही, अमेरिकन लीजन अशा सैनिकांच्या संघटना फुकट मदत करतात, आणि तसं आम्ही सांगतोसुद्धा. विनापरवाना लुटणारे आहेत, त्यांना इथे 'क्लेम शार्क' म्हणतात. आम्ही त्यातले नाही. मी कागद लावते, तारखा सांभाळते. तुमची ट्रंक लावून देत होते, तेच काम.

आता इथली एक अजब तऱ्हा. हे शहर म्हणजे आपलं अपशिंगेच, जिकडे तिकडे फौजी. फोर्ट सॅम ह्यूस्टन इथेच, लॅकलंडचा तळही इथेच. दोन निवृत्त सैनिक भेटले की एकमेकांना विचारतात, "तू किती टक्के?" म्हणजे सरकारने तुझं अपंगत्व किती ठरवलं. एक म्हणतो सत्तर, दुसरा म्हणतो नव्वद. गाडीच्या नंबरप्लेटवर 'अपंग सैनिक' असं लिहून फिरतात. आपल्याकडे सोयरीक मोडेल म्हणून चष्म्याचा नंबर लपवतात! आणि टक्क्यांची बेरीज तर विचारूच नका. डोकेदुखीचे ५० आणि पाठीचे ३०, तर ८० ना? नाही. अख्खी भाकरी धरा. ५० म्हणजे अर्धी गेली. आता ३० टक्के काढायचे ते उरलेल्या अर्धीचे, म्हणजे १५. झाले ६५. मग जवळच्या दहावर न्यायचं, पाच असले की वरच्या, म्हणून ७०. त्यात कानाचे १० आले तर ते उरलेल्या ३५ चे, साडेतीन. झाले ६९, म्हणजे पुन्हा सत्तरच. कान जिंकूनही खिशात काही पडत नाही. आबा, पाटीवर करून बघा, तुम्हाला गंमत वाटेल. इथे भल्याभल्यांना राग येतो.

माझ्याकडे जास्त करून डोकेदुखीच्या फायली. आई म्हणाली, डोकं दुखतं म्हणून कुणी पेन्शन मागतं का? अगं, मोठमोठी माणसंही तेच म्हणतात. जानेवारी २०२० मध्ये इराणने इराकमधल्या अल असद तळावर क्षेपणास्त्रं टाकली, तेव्हा ट्रम्पसाहेब म्हणाले की सैनिकांची डोकी दुखतायत असं ऐकलंय, फार गंभीर नाही. पुढे शंभरावर जणांच्या मेंदूला इजा झाल्याचं निघालं.

नियम असा, की महिन्यातून सरासरी एकदा माणसाला आडवं पाडणारी अर्धशिशी असेल तर ३० टक्के, दोन महिन्यांतून एकदा असेल तर १०, त्याहून कमी तर शून्य. हो, शून्यही देतात. आजार सेवेतला हे मान्य, पैसे नाहीत. वरचेवर येणारी, लांबणारी, रोजगार बुडवणारी असेल तर ५०, आणि अर्धशिशीला त्याच्या वर काही नाही. २०२५ च्या दराने एकट्या माणसाला १० टक्क्यांचे महिना १७५ डॉलर, ५० टक्क्यांचे ११०२. म्हणून सगळं भांडण त्या 'आडवं पडण्या'वर. किती दुखतं हे कुणी विचारत नाही. दुखताना तुम्हाला काय काय जमत नाही, ते दाखवावं लागतं.

एक सार्जंट आहे, नाव सांगता येत नाही. इराकमध्ये रस्त्याकडेच्या स्फोटात गाडीसकट उडालेला. तपासणीच्या दिवशी नेमकं डोकं शांत होतं. कसं आहे विचारल्यावर म्हणाला, "फाइन." मिळाले १०. दाद वर्षाच्या आत मागायची, नाहीतर मागची थकबाकी हातची जाते. २०१९ पासून वाटा तीन: वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, पण तिथे नवा कागद चालत नाही, नव्या पुराव्यासह पुरवणी दावा, नाहीतर वॉशिंग्टनचं अपील बोर्ड, तिथे वेळ फार. आम्ही मधली धरली. पुरावा म्हणजे त्याच्या कंपनीतल्या रजांचा तक्ता आणि बायकोचं पत्र. आधी तिने लिहिलं, "त्याला फार त्रास होतो." मी म्हटलं, बाई, डोळ्यांना दिसतं ते लिहा. मग आलं: खिडक्यांना आतून चिकटवलेली चंदेरी फॉइल, बाथरूमच्या फरशीवर गाल टेकून पडलेला नवरा, आवाज बंद करून टीव्ही बघणारी मुलं. फ्रिजची घरघर सोसवेना म्हणून तिने एकदा फ्रिजच बंद केला आणि सगळं दूध नासलं. त्याची नोकरी अजून टिकून आहे, पण कोर्टाने २००४ मध्येच सांगितलंय की दुखणं रोजगार बुडवण्याजोगं असलं तरी पुरे. आणि पुरावा दोन्हीकडे सारखा पडला तर कौल सैनिकाला, हे कायद्यातच आहे. निकाल यायचाय.

आबा, रागावू नका. तुम्हीही ओसरीवर ओला पंचा डोक्याला बांधून पडायचात, आणि आई आम्हाला रानात पिटाळायची. रिटायर होताना मेडिकल बोर्डाने विचारलं तर "नथिंग, सर" म्हणालात. २० टक्क्यांच्या आत काही मिळालं नसतं हे खरं, पण कागदावर तर आलं असतं. मी पैशाचं म्हणत नाही. गेल्या आठवड्यात तुम्ही दोन दिवस उठला नाहीत आणि मला फोनवर "ऊन लागलं" सांगितलंत. कालनिर्णयवर दुधाच्या खाड्याशेजारी खूण करत जा: कधी सुरू झालं, किती तास, उलटी झाली का, गोळी किती घेतली. रोज उठून गोळी घेतली तर त्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं. ते पान घेऊन साताऱ्याला ईसीएचएसमध्ये, माजी सैनिकांच्या दवाखान्यात, जा. मी तिथे असते तर मीच नेलं असतं.

माझं डोकं ठणठणीत आहे. चष्मा लागला, एवढंच.

संदीपच्या लग्नासाठी दीड लाख पाठवलेत. हॉल आणि आचारी त्यात भागवा. रस्त्याकडेचे गुंठे विकायचे नाहीत, कुणी कितीही भाव देवो. आई, मी येते म्हणाले होते. पण मुंबईतली व्हिसाची तारीख लग्नानंतरची मिळतेय, आणि शिक्क्याशिवाय आले तर परतायची पंचाईत. माझ्या वर्क परमिटला धोका नाही, टीव्ही बघून उपास धरू नकोस. करवली म्हणून पिंकीला उभी करा. माझी पैठणी तिला नेसवा, कपाटात खालच्या कप्प्यात आहे. ब्लाउज सैल होईल, टाके घाला. हळदीला व्हिडिओ लावा, इथे रात्र असेल, आम्ही जागे राहू.

आणि डीजे नको. वाजंत्री सांगा, तीही मांडवाच्या पलीकडच्या बाजूला. संदीप कुरकुर करेल, त्याला म्हणावं ताईने पैसे याच अटीवर पाठवलेत.

तुमची,
अश्विनी

ता. क. हॉलवाल्याकडून पावती घ्या. तोंडी विसार देऊ नका.