बाबा, छत्री पुसायला चढू नका

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलले असते तर बाबा मध्येच 'बरं, ठेवतो' म्हणाले असते, म्हणून लिहितेय. डिश मी बंद केली. गुरुवारी नाक्यावरचा केबलवाला येऊन जोडून जाईल. पैसे दिलेत, पुन्हा देऊ नका.

'अजून एकदा तक्रार करून बघू' असं बाबा म्हणणार. पाच वेळा केली. दर वेळी नवा माणूस आणि तेच, 'बॉक्स बंद करून दहा मिनिटांनी चालू करा.' शेवटी चाळीस मिनिटं त्यांची सनई ऐकली, तर संध्याकाळी मेसेज, 'आपली तक्रार सोडवली आहे.' घरी कोणी फिरकलंही नव्हतं! आणि आईने शेजारी जाऊन मालिकेचा शेवट किती दिवस विचारायचा? पुरानंतर तो रेकॉर्डरवाला बॉक्स मीच हौसेने घेतला होता, म्हणून जास्त लागतं.

पावसाचा दोष मात्र त्यांचा नाही. ३६,००० किमीवरच्या उपग्रहाकडून नीट आलेला सिग्नल शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत आपल्या चिपळूणच्या पावसात विरतो. छत्री पुसून काही होत नाही हो बाबा! तरी तुम्ही जुलैत शेवाळलेल्या गच्चीवर फडकं घेऊन गेलात. आईने सांगितलं मला, तिच्यावर चिडू नका. केबलवाल्याच्याही छत्र्या आकाशाकडेच बघतात, पण त्या मोठ्या असतात आणि ज्या लहरी त्या पकडतात त्यांना पाऊस फारसा अडवत नाही. शिवाय बिघडलं तर त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं.

आई, आता तुझ्याशी. मे महिन्यात डिशवाल्यांचा तो मुलगा म्हणाला, बॉक्सची हार्ड डिस्क फॉरमॅट करावी लागेल. मी फोनवर 'करा' म्हटलं. तुला विचारलं नाही. त्यातच २०२३ च्या आषाढीला टीव्हीवर दिसलेला आप्पामामा होता. पेनड्राइव्हवर काढता आला असता का, ते मी नंतर विचारलं. नाही म्हणे, रेकॉर्डिंग त्या बॉक्सशीच बांधलेलं असतं, दुसरीकडे लागतच नाही. म्हणजे बॉक्स बदलला असता तरी गेलंच असतं. हे मी तुझ्यापेक्षा स्वतःलाच समजावतेय, कळतंय मला. तू एका शब्दाने बोलली नाहीस, ते फार लागलं.

पण जुन्या फोनमध्ये एक व्हिडिओ सापडलाय. तू दहाव्यांदा मागे नेऊन मामाला थांबवलंस ना, तेव्हा मी टीव्हीचाच काढला होता. अर्ध्यात बाबांचं टक्कल आहे, वर ट्यूबलाइटची रेघ. मामा मात्र स्पष्ट दिसतो, टाळ वर धरलेला. तुझा 'अगो बाई, आप्पा!' पण आहे. दादाच्या फोनवर पाठवलाय. गणपतीत आले की टीव्हीवर लावून देते.

परवा पाऊस धो धो आला आणि उगाच आठवलं. बाबा कौलांवर अँटेना फिरवतायत, आई आतून 'आलं, आलं… गेलं!' आणि मी खिडकीत मधल्या निरोपाला. मला वाटायचं, माझ्याच ओरडण्याने चित्र येतं.

आता नीट ऐका. जुना बॉक्स आणि कार्ड परत मागितलं तर पावती घेतल्याशिवाय देऊ नका. गूगलवर मिळालेल्या कस्टमर केअरच्या नंबरावर फोन करायचा नाही. कोणी 'हे ॲप घ्या' म्हणालं तर फोन ठेवायचा. चुकून घेतलंच तर आधी १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग मी. नव्या रिमोटच्या तुमच्या चार बटणांना लाल नेलपॉलिशचे ठिपके लावून घ्या. चॅनेलचे आकडे मोठ्या अक्षरात लिहून पाठवते, सह्याद्री सगळ्यात वर.

आणि गच्चीच्या दाराला आईने कुलूप लावावं. किल्ली बाबांना सापडणार नाही अशा ठिकाणी. डाळीच्या डब्यात नको, तिथे ते आधी बघतात.

तुमची,
मनी