आबांची टाच आणि अण्णांची कोपरी

दिग्या लेका,

फोनच केला असता, पण तू स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाहीस आणि शेजारी आबा कान देऊन बसलेले असतात. हे आधी तू एकट्यानं वाच, मग त्यांना काय सांगायचं ते ठरव. पोळ्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही, त्याच्या शिव्या नंतर दे. आमच्याकडं सगळं ठीक. माझं बीपी आहे तिथंच, सुनंदाचा गुडघा जुनाच. अण्णांना न्युमोनिया झाला होता. आता उतार आहे, घाबरू नकोस.

सोयाबीनची रास झाली त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला. खोकला आधीपासूनच होता, मळणीच्या धुळीचा असेल म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मी लातूरला चला म्हटलं की ठरलेलं उत्तर, "कशाला उगं पैसे घालवायलास? औषध चालू हाय माझं." कुठलं औषध, कोणी दिलं, ते काही केल्या सांगेनात. मग एका पहाटे सुनंदा चहा घेऊन गेली तर माणूस घामानं निथळायलाय, हात थरथरायलेत अन् तिला स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारायलाय. बोट टोचून बघितलं, साखर ४८. शुद्धीत होते, गिळता येत होतं, म्हणून साखरेचं पाणी पाजलं आणि बंड्याची गाडी काढून थेट लातूर गाठलं. बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजन ९१. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या बाजूला पांढरं.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, घरी कुठली गोळी चालू होती? अण्णा गप्प. सुनंदानं सरळ कोपरीच्या आतल्या खिशात हात घातला आणि कात्रीनं कापलेलं अर्धं पाकीट बाहेर काढलं. एक्स्पायरीची तारीख कापलेल्या बाजूला गेलेली, नावाचंही शेपूटच उरलेलं, '...फ्लॉक्सासिन ५००'. मॅडमनी ते ट्यूबलाइटखाली उलटंसुलटं करून बघितलं, गोळी हातावर घेतली आणि म्हणाल्या, ही लिव्होफ्लॉक्सासिन, जंतू मारायची अँटिबायोटिक गोळी. कोणाची?

दिग्या, ते पाकीट आबांचं.

संक्रांतीनंतर तू त्यांना हैदराबादला नेलंस ना, त्याच्या आदल्या दिवशी पारावर त्यांनी ते अण्णांच्या हातात दिलं म्हणे. "छातीला लई कडक गोळी हाय, लागल तवा घे." अण्णांनी जपून ठेवलं, घरात कोणाला पत्ता नाही. वर मलाच सुनावतात, "दोस्तानं दिलंय. त्याला गुण आला, मला येईना व्हय?"

आता गंमत ऐक. अण्णांची साखरेची गोळी ग्लिमेपिराइड. आजारपणात जेवण पेजेवर आलेलं, ती गोळी मात्र सकाळी न चुकता चालू. त्यात ही. लिव्होफ्लॉक्सासिन मधुमेहाच्या अशा गोळीबरोबर गेली की साखर धाडकन खाली येऊ शकते, म्हातारपणी जास्तच. बरं, एवढं करून छातीला तरी गुण यावा? तोही नाही, कारण गोळीनं पोटात आग होऊ नये म्हणून हे वरून पित्ताचं गुलाबी औषध प्यायचे. त्यातलं अॅल्युमिनियम-मॅग्नेशियम त्या गोळीला पोटातच धरून बसतं, रक्तात नीट जाऊच देत नाही. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर पाहिजे. म्हणजे आपल्या वस्तादांनी गोळी घेतली आणि तिचा बंदोबस्तही स्वतःच केला. सुनंदा म्हणते, बाटली संपली त्याच रात्री साखर पडली. खरंखोटं देव जाणे.

त्याहून मोठी भीती टीबीची होती. हे औषध टीबीच्या जंतूवरही थोडंफार चालतं. छातीत टीबी असता तर त्यानं अर्धवट दबला असता, चार दिवस बरं वाटलं असतं आणि निदान लांबलं असतं. म्हणून मॅडमनी आधी बेडका तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत माझ्या तोंडाला चव नव्हती. टीबी नाही निघाला.

पण हे पत्र लिहायला बसलो ते यासाठी नाही.

पाकीट बघितल्यावर मॅडमनी अण्णांच्या टाचा दाबून बघितल्या. मला वाटलं, छातीचा आजार अन् टाचा कशाला? तर म्हणाल्या, या गोळीनं कधीकधी टाचेमागची जाड शीर, म्हणजे कंडरा, सुजते, क्वचित तुटतेसुद्धा. साठीच्या पुढं धोका जास्त, आणि स्टिरॉइड चालू असेल तर आणखी जास्त. दुखायला लागलं की गोळी थांबवून लगेच डॉक्टरला सांगायचं. मला तिथं उभ्या उभ्या आबा दिसले. गेल्या हिवाळ्यात पाराची पायरी चढताना लंगडायचे, आठवतंय? तू नव्या चपलेला बोल लावलास, मी वयाला, अन् दोघांनी मिळून त्या चांभाराचं डोकं खाल्लं. तेव्हा आबा छातीच्या औषधावर होते. दम्यासाठी त्या बारीक पांढऱ्या गोळ्या चालू होत्या, त्या स्टिरॉइडच्याच असाव्यात. अण्णांना खोदून विचारलं तर म्हणाले, "पाय दुखायला म्हणून त्यानं मधीच सोडल्या गोळ्या. म्हणून तर उरल्या."

मी काही डॉक्टर नाही. चपलही असेल, वयही असेल. पण आबांनी ही गोष्ट तुला सांगितली नाही आणि डॉक्टरला तर मुळीच नाही, यावर माझी पैज.

तेव्हा एवढं कर. त्यांचा तो बिस्किटाचा डबा ते झोपल्यावर उघडून बघ. जुनी चिठ्ठी सापडली तर बरंच. तिकडच्या डॉक्टरला त्यांची टाच दाखव आणि ही हकीकत फाइलवर लिहून घे, म्हणजे पुढं कोणी या जातीची गोळी देताना दहादा विचार करील. दम्याच्या गोळ्या मात्र तू परस्पर बंद करू नकोस, मॅडम दोनदा बोलल्या. स्टिरॉइड एकदम तोडायचं नसतं.

आणि हो, त्या पाकिटावर लाल चौकट होती. मार्च २०१४ पासूनचा नियम आहे, अशी गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, पेशंटचं अन् डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची. पण पारावरच्या दोस्तीला कुठली वही? तू तर बोलूच नकोस. नांदेडच्या खोलीवर साध्या सर्दीला माझ्या ॲझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या न विचारता खाल्ल्यास आणि वर म्हणालास, पेपरच्या आधी कडक पाहिजे. सर्दी विषाणूची असते, तिथं ही औषधं काही कामाची नाहीत, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. आठवडाभर अबोला धरलास. त्या गोळ्यांचे पैसे अजून यायचेत.

अण्णांना दवाखान्यात सेफ्ट्रिअॅक्सोन दिलं, पेनिसिलिनच्या नात्यातलं अँटिबायोटिक. त्याआधी मॅडमनी विचारलं, पेनिसिलिननं कधी अंगावर पुरळ, तोंडावर सूज, दम कोंडणं? अण्णा म्हणाले, "म्हशीला टोचलं होतं एकदा, तिला काय बी झालं नाही." आता घरी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनिक ॲसिड आहे, जेवायला बसताना. पोट थोडं ढिलं झालंय, तेवढं चालतं. पण पाण्यासारखे जुलाब लागले तर ते थांबवायचं औषध मनानं घ्यायचं नाही, फोन करायचा. एखादी गोळी राहिली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

आणि खरी लढाई आत्ता आहे. तिसऱ्या दिवशी ताप गेला आणि लगेच, "बरा हाव की मी. उरलेल्या ठिवून दे, पुढं होतील." आबांचं पाकीट गेलं, तर यांना नवं साठवायचंय! मी मॅडमना विचारलं, खरंच एवढे दिवस लागतात का? म्हणाल्या, सहसा निदान पाच दिवस, आणि ताप जाऊन माणूस सावरलाय हे बघून थांबवायचं. पण ते दिवस मी मोजीन, त्यांनी नाही. मी मास्तरकी केली. नववीला पेनिसिलिन शिकवतो तसं अण्णांना सांगितलं, की फ्लेमिंगनं १९४५ च्या नोबेल भाषणातच एका नवऱ्याची गोष्ट सांगितली होती. घसा दुखला म्हणून त्यानं स्वतःच्या मनानं थोडंसंच पेनिसिलिन घेतलं, जंतू मेले नाहीत, उलट शहाणे झाले. तेच बायकोला लागले, तिला न्युमोनिया झाला आणि पेनिसिलिन चालेना. बाई गेली. अण्णा नीट ऐकून म्हणाले, "बघ, बायकोच गेली. नवरा ठीक होता ना?"

सुनंदानं गोळ्या स्वतःच्या ताब्यात घेतल्यात. तिच्यापुढं चालत नाही त्यांचं.

खोकला अजून काही आठवडे राहील म्हणतात. श्वास वाढला, बडबड सुरू झाली, जेवण तुटलं तर थांबायचं नाही, गाडीत घालायचं.

तुझ्या फ्लॅटचं काय झालं? वहिनींची बदली झाली की अजून तेच? पिंकीला दहावीला शुभेच्छा, गणिताचं काही अडलं तर रविवारी फोन कर म्हणावं. सोयाबीनचा भाव विचारू नकोस.

पुढच्या महिन्यात पुन्हा एक्स-रे काढायला लातूरला जायचंय. त्याच्या आत आबांची चिठ्ठी सापडली तर फोटो काढून पाठव, मॅडमना दाखवतो. आणि आबांना म्हणावं, अण्णांना काही द्यायचंच असेल तर तंबाखूची डबी सोडून काहीही द्या, गोळ्या नकोत.

तुझा,
बालाजी