तो फोटो काढून टाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मानेच्या मालिशने तोल सुधारतो, असा लेख आला होता. मजकूर पुष्कळसा बरोबर आहे. पण त्यासोबतच्या फोटोत एक हात हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागे आणि मान एका अंगाला पिळलेली. पेपर यांच्यापुढे सरकवत मी म्हटलं, "बघा, तुमचा न्हावी."

मी दांडियाबाजारात चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. मशीनवर मान खाली गेली की जेवणाच्या वेळेलाच वर. साठीनंतर एक विचित्र त्रास सुरू झाला. घर फिरायचं नाही, पण होडीतून नुकतं उतरल्यासारखी जमीन डुलायची. मांडवीच्या गर्दीत कुणी हाक मारली आणि चटकन वळले की पाऊल वाकडं पडायचं. एका दवाखान्यात 'स्पाँडिलोसिस' म्हणून मानेला पट्टा दिला. तो मी पाच महिने इमानाने घातला. मान आणखी आखडली.

मग एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले. आधी कान तपासून या, झोपून आणि उभं राहून बीपी बघून या, त्याशिवाय मी हात लावणार नाही, असं तिने बजावलं. तेव्हा राग आला होता. दोन्ही ठीक निघाल्यावर तिने माझ्या कपाळाला पट्टीने छोटा लेझर बांधला आणि भिंतीपासून 90 सेंटिमीटरवर बसवलं. समोर कॅलेंडर. लाल ठिपका एकादशीच्या चौकोनात आणायचा, डोळे मिटायचे, मान पार डावीकडे न्यायची आणि अंदाजाने परत तिथेच आणायची. डोळे उघडले तर ठिपका दोन चौकोन पलीकडे! जन्मभर टेप गळ्यात घालून वावरलेली बाई मी, पिशवीतून काढून मोजलंच. साडेचार इंच. सात सेंटिमीटर, म्हणजे पावणेतीन इंचांच्या आत असेल तर ठीक मानतात.

कारण तिने सोपं करून सांगितलं. अंबाड्याच्या खाली, कवटीच्या बुडाशी जिथे बोट रुततं, तिथे दोन्ही बाजूंना चार-चार इवले स्नायू आहेत. त्यांत ताण ओळखणारे संवेदक फार दाटीने असतात. डोकं कुठे वळलंय, याची खबर ते मेंदूला देत राहतात आणि मेंदू ती आतल्या कानाच्या आणि डोळ्यांच्या खबरीशी ताडून बघतो. स्नायू कायमचे आवळलेले असले की मानेचं माप एक, कानाचं दुसरं. कापताना एक टेप आणि शिवताना दुसरी वापरली तर बाही बसेल का?

उपचार म्हणाल तर फारच साधा. उताणं निजवून तिने बोटांची टोकं कवटीखाली टेकवली आणि डोक्याचा भार त्यांवर येऊ दिला. दोन मिनिटं काहीच नाही. मग आत काहीतरी लोण्यासारखं ढिलं व्हायला लागलं. आता कट्टकन मोडेल म्हणून मी दात आवळून पडले होते. "काकू, आपल्याला आवाज नाही काढायचा," ती म्हणाली. उठल्यावर ठिपका तीन इंचांवर आला. दोन दिवसांनी परत चारवर.

नेमकं हेच आपल्या लेखात राहून गेलं. हाताने ढिलं केलेलं फार दिवस टिकत नाही. अंगठ्यावर नजर रोखून मान हलवणं आणि भिंतीलगत टाचेला अंगठा लावून चालणं मी रोज केलं, तेव्हा सहा आठवड्यांनी दोन इंचांवर आले. आणि मालिश झाल्या झाल्या ताडकन उठू नये. मला तर थोडा वेळ उलट जास्तच डगमगायचं.

यांचंही डोकं फिरायचं, म्हणून घरात दोघांचं एकच निदान ठरलं होतं: मान. पण हे अंथरुणात कूस बदलायचे आणि छत गरगर फिरायचं. अर्ध्या मिनिटात थांबायचं. त्यावर यांचा इलाज म्हणजे केस कापून झाले की न्हाव्याकडून मान मोडून घ्यायची. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी यांना झटकन आडवं करून, डोकं पलंगाच्या कडेखाली लोंबतं ठेवून तपासलं. आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले होते. डोकं ठरावीक क्रमाने वळवत ते कण बाहेर आणायची पद्धत डॉ. एप्ली यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केली. ती दोनदा केली आणि काम झालं. दोष कानाचा, वर्षभर मार मात्र मानेने खाल्ला.

हातांच्या उपचारांवर माझा राग नाही. हे बडोदं आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रोफेसर माणिकराव हाडं बसवत, हे ऐकतच आम्ही वाढलो. भीती आहे ती झटक्याची. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. पिळवटून झटका दिला तर त्यांचं आतलं अस्तर फाटून गुठळी होऊ शकते, आणि मग लकवा. क्वचित होतं, पण होतं. 1993 मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात पाच बायकांची हकीकत आली होती. पार्लरच्या बेसिनवर मान मागे टाकून केस धुतले आणि स्ट्रोक आला. तिथे तर झटकाही नव्हता.

तेव्हा विनंती एवढीच. लेख पुन्हा छापलात तर तो फोटो काढा. त्या जागी चौकट करून छापा: मान एकाएकी कधी नव्हे अशी दुखू लागली, एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली, गिळता येईना किंवा चेहरा बधिर झाला, तर मालिशवाला नको, थेट इस्पितळ गाठा. अक्षरं मोठी ठेवा, हे चष्मा न लावता पेपर वाचतात.

आपली,
एक वाचक, दांडियाबाजार, बडोदा